दोन शेठ, दोन सूर्य आणि थर्मोकोल

परवा एका महाविद्यालयात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि काचेचं एक अवजड काहीतरी मिळालं. ते ठेवायला माझ्या घरात जागा नाही आणि कुणाला देऊन टाकावं इतका मी कुणाचा द्वेषही करत नाही. ओळख करून देणारे गृहस्थ म्हणाले, "मॅडम जोडताऱ्यांभोवती ग्रह कसे जन्मतात याचा अभ्यास करतात. आपणही सगळे ग्रहच नाही का? आई आणि वडील या दोन सूर्यांनी घडवलेले." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. ही उपमा मी आयुष्यभर सोसत आले आहे. दोन सूर्य म्हणजे आई-वडील, दोन सूर्य म्हणजे सासर-माहेर, एका मंत्र्यानं तर केंद्र आणि राज्य म्हणूनही वापरून घेतली. जोडतारे बिचारे कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. एकमेकांभोवती फिरत असतात. तरी त्यांना आमच्या घरातली धुणी धुवायला बसवल्याशिवाय आमच्या लोकांना ते समजल्यासारखं वाटत नाही. मी हसून नमस्कार केला. उतारवयात माणूस मवाळ होतो म्हणतात ते खोटं आहे, फक्त पाय दुखत असल्यामुळे भांडायला उभं राहवत नाही.

मात्र ही उपमा मी पहिल्यांदा ऐकली ती सिल्वासात, आमच्या कारखान्याच्या कॉलनीत, परचुरे साहेबांच्या तोंडून. ती नंतरच्या सगळ्यांपेक्षा जास्त मूर्खपणाची होती, पण निदान त्यांची स्वतःची होती. माझं पुढचं शिक्षण त्या मूर्खपणावर उभं राहिलं. म्हणून तेवढं एक वर्ष लिहून ठेवते.

आम्ही गावाच्या टोकरखाडा भागातल्या स्टाफ क्वार्टर्समध्ये राहायचो. पलीकडे ऑफिसरांचे बंगले होते, त्यांच्या बायका आमच्या बायकांशी बोलताना हनुवटी जरा वर धरायच्या. सगळे पुण्या-मुंबईहून नाहीतर नाशकाहून आलेले, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, की आम्ही इथे दोन वर्षांपुरते आहोत. त्या दोन वर्षांत त्यांच्या मुलांच्या मुंजी झाल्या, लग्नं झाली, काहींची नातवंडं तिथेच रांगायला लागली, पण बोलण्यातलं "इथल्या लोकांना" काही गेलं नाही. इथले लोक म्हणजे कोण ते कधी स्पष्ट झालं नाही. ज्यांची मूळची जमीन त्या वारली माणसांना ते त्यात धरत नसत, ते त्यांना दिसतच नसत. परचुरे साहेब वर्क्स मॅनेजर होते आणि या सगळ्यांचे मुकुटमणी. त्यांना पुण्याची हवा आठवायची, पुण्याचं पाणी आठवायचं, पुण्याची भाषा आठवायची. पुण्यानं त्यांना नोकरी दिली नव्हती ही गोष्ट मात्र ते विसरायचे.

बाबांचं काम हवा ओली ठेवायचं होतं. ऐकायला हे हास्यास्पद वाटतं, पण पॉलिएस्टरच्या धाग्याच्या कारखान्यात त्याच्यावाचून काही चालत नाही. हवा कोरडी झाली की पळत्या धाग्यात घर्षणानं वीज साठते, स्टॅटिक म्हणतात तिला, आणि मग धागा यंत्राला चिकटतो, शेजारच्या धाग्याला चिकटतो, कामगाराच्या हाताला चिकटतो आणि तुटतो. म्हणून मोठमोठे पंखे पाण्याच्या फवाऱ्यातून हवा ओढून आत सोडत राहतात. त्या प्लांटचे इनचार्ज माझे बाबा. कामगार त्यांना पाणीवाले भाऊ म्हणायचे. त्या पंख्यांची घरघर आमच्या घरात भिंतीतून यायची, जेवताना, अभ्यास करताना, भांडताना. ती थांबली की बाबा घास हातात धरून थांबायचे आणि पुन्हा सुरू झाली की जेवायला लागायचे. त्यांच्या शर्टाला धाग्यावर मारायच्या तेलाचा वास असायचा. तो वास आजही कुठे आला तर मला भूक लागते.

आई शिरपूरकडची. तिनं खानदेश सिल्वासात आणला तो चुलीसकट म्हणायला हरकत नाही, कारण गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती वांगं मानायची नाही आणि क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर तीन विटा मांडून भरीत करायची. कळण्याची भाकरी, लसणाचा ठेचा, तर्रीदार शेवभाजी. धुरामुळे शेजारच्या गुजराती बाई खिडकी लावून घ्यायच्या आणि दुपारी भरिताची वाटी न्यायला यायच्या. त्या वाटी परत करताना तिच्यात गोड डाळ घालून द्यायच्या, ती आई त्यांच्यासमोर चाखायची आणि त्या वळल्या की म्हणायची, "गूळ घातला का डाळ घातली, देवाला ठाऊक." दुधनीहून धरणाची मासळी घेऊन एक बाई यायची तिच्याशी मात्र आईचं पटायचं. दोघींची भाषा वेगळी, घासाघीस एकच. आईला कॉलनीतली सगळी माणसं बिनकामाची वाटायची. माझा स्वभाव बाबांवर गेला नाही हे एव्हाना वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं असेल.

मी बारावीत होते आणि मला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. इंजिनियरिंग नाही, बी.एड. नाही, भौतिकशास्त्र. ते का शिकायचं याचं उत्तर कॉलनीत कुणालाही पटेल असं माझ्याकडे नव्हतं. बाबांचा पगार मला पुण्यात ठेवण्याइतका नव्हता हे घरात न बोलता सगळ्यांना माहीत होतं. एकच रस्ता होता. आमच्या कारखान्याचे मालक दोघे भाऊ, थोरले शेठ आणि धाकटे शेठ. त्यांच्या आईच्या नावानं एक ट्रस्ट होता आणि पुण्याच्या एका वसतिगृहात त्या ट्रस्टची एक जागा होती, राहण्या-जेवणासकट. दरवर्षी कॉलनीतल्या एका मुलाचं किंवा मुलीचं नाव परचुरे साहेब सुचवायचे आणि शेठ मान हलवायचे. म्हणजे मी ग्रहांचा अभ्यास करणार की वापीच्या एखाद्या ऑफिसात टायपिंग करणार, हे परचुरे साहेबांच्या जिभेवर होतं.

त्या वर्षी दोन्ही शेठांचं बिनसलं होतं. एकानं कोळसा मागवला की दुसरा तो परत पाठवायचा. एकानं शिफ्ट बदलली की दुसरा पुन्हा बदलायचा, आणि कामगार गेटवर उभे राहून आज कुणाचं राज्य आहे ते वॉचमनला विचारायचे. परचुरे साहेबांना दोघेही हवे होते. अशा वेळी कॉलनीच्या बक्षीस समारंभात मी जोडताऱ्यांवर भाषण केलं. शाळेत येणाऱ्या एका विज्ञान मासिकात मी वाचलं होतं, की आपला सूर्य एकटा आहे पण आकाशातले कितीतरी तारे जोडीनं राहतात, आणि अशा जोडीभोवती ग्रह बनू शकतो की नाही याच्यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. परचुरे साहेबांनी त्यातलं पहिलं अर्धं ऐकलं. दुसरं अर्धं ऐकायच्या आत त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला होता.

गणपतीचा देखावा ठरला. दोन सूर्य आणि त्यांनी मिळून घडवलेली पृथ्वी. दोन सूर्य म्हणजे कोण हे सांगायची गरजच नव्हती, तरी साहेबांनी ते मला लिहून दिलं आणि पाठ करायला लावलं. "ज्याप्रमाणे दोन सूर्य मिळून एका पृथ्वीला जन्म देतात, त्याप्रमाणे आपले दोन्ही शेठ..." पुढचं इथे लिहवत नाही. मी म्हटलं, "पण साहेब, तसं होतं की नाही हे कुणालाच माहीत नाही." ते म्हणाले, "वैजू, कुणालाच माहीत नाही म्हणजे कुणी चूकही काढणार नाही." कारखान्यात त्यांनी केलेलं सगळ्यात तर्कशुद्ध विधान हेच असावं.

खरी गोष्ट काय आहे ती इथे सांगते, कारण ती त्या मांडवात कुणी कधी ऐकली नाही. तारा जन्मतो तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धुळीची एक चपटी चकती फिरत असते. धुळीचे कण हलकेच एकमेकांना भेटतात, चिकटतात, कणाचे गोटे होतात, गोट्यांचे डोंगर, डोंगरांचे ग्रह. यातला महत्त्वाचा शब्द हलकेच हा आहे. रव्याला पाण्याचा हात लावून हळूहळू वळला तर गोळी बनते, धपाटे घातले तर रवा परातीबाहेर जातो. एका ताऱ्याभोवती हे जमतं, कारण सगळे कण एकाच दिशेनं, शेजारीशेजारी, साधारण एकाच वेगानं फिरतात. मधे दोन तारे असले आणि ते एकमेकांभोवती फिरत असले, की ओढ सतत बदलते. आता इकडून, आता तिकडून. जवळच्या कणांच्या वाटा वेड्यावाकड्या होतात, ते एकमेकांना आडवे जातात, जोरात आपटतात आणि पुन्हा पीठ होतं. अगदी जवळचे तर चकतीतून फेकलेच जातात, तिथे मोकळी पोकळी राहते. लांब मात्र, जिथून ते दोन तारे जवळजवळ एकासारखेच भासतात, तिथे शांतता असते आणि तिथे ग्रह बनू शकतो. नंतर तो चकतीतल्या वायूमुळे सरकत सरकत आत येतो आणि पोकळीच्या काठाशी थांबतो. दोन सूर्यांचे जे ग्रह आता खरोखर सापडले आहेत, त्यांतले बरेचसे या काठाजवळच आहेत. तिथे ते जन्मले असते तर भुगाच झाला असता. जन्मले लांब आणि आले नंतर. यात कुणी माझं चरित्र शोधू नये, मी सिल्वासात परत येऊन थांबलेली नाही.

देखावा कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये बनला. मशीनची मोटर, ॲक्रिलिकची भलीमोठी गोल चकती, मधे फिरणारे दोन हॅलोजनचे दिवे आणि चकतीवर थर्मोकोलच्या बारीक गोळ्या. त्यांना ढवळायला वरून एक नायलॉनचा ब्रश. सगळ्याभोवती काचेची पेटी. पहिल्या दिवशी दिव्यांजवळच्या गोळ्या वितळल्या आणि घाण वास सुटला. साहेब म्हणाले, "छान, सूर्यच आहे तो." दुसरी अडचण पावसाची होती. सिल्वासात गणपतीत हवा इतकी ओली असते की पापड तळेपर्यंत मऊ पडतो, आणि त्या हवेत गोळ्या चकतीवर नुसत्या लोळत राहिल्या. मग साहेबांनी पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पिशव्या ठेवायला लावल्या. हॅलोजन तापले, पेटीतली हवा खणखणीत कोरडी झाली, ब्रश फिरायला लागला आणि काय आश्चर्य, गोळ्यांचे पुंजके बनायला लागले. एक पुंजका दुसऱ्याला चिकटला, मोठा गोळा झाला. वर्कशॉपमधल्या इंजिनियर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचे डोळे ओले झाले. त्या पेटीत ओलं असं तेवढंच होतं.

मी तो गोळा नीट बघायला पेटीत हात घातला तर तो माझ्या बाहीला येऊन चिकटला. झटकला तरी जाईना. धाग्याच्या कारखान्यातल्या कॉलनीत वाढलेल्या कुठल्याही पोरीला हे काय आहे ते सांगावं लागत नाही. ते गुरुत्वाकर्षण नव्हतं, ते स्टॅटिक होतं. हीच ती वीज, जिच्यामुळे धागा तुटला की हीच इंजिनियर मंडळी बाबांना फोनवर फोन करायची आणि हवा का कोरडी झाली म्हणून फैलावर घ्यायची. जन्मभर ज्या चोराच्या मागे धावले, तो देव्हाऱ्यात येऊन बसला तर त्यांनी त्याला हार घातला. मी साहेबांना बाही दाखवली. त्यांनी पुंजका चिमटीनं काढून पुन्हा चकतीवर ठेवला आणि म्हणाले, "हे तुला कळलं आणि मला कळलं. शेठना कळणार आहे का?"

या गोष्टीला एक शेपूट आहे, ते इथेच सांगते. ग्रह बनण्याच्या अगदी पहिल्या पायरीवर, कण बारीक असताना, आपटण्यानं साठलेली वीज त्यांना चिकटायला मदत करत असावी असं आता काही अभ्यासक मांडतात. माझ्या एका विद्यार्थ्यानं त्यावरचा एक शोधनिबंध मला पाठवला आणि विचारलं, म्हणजे तुमचे परचुरे साहेब बरोबर होते का? मी त्याला कळवलं, की परचुरे साहेबांच्या पेटीत ताऱ्यांच्या जागी हॅलोजन होते आणि ते विझवले तरी ग्रह बनतच होते. डोळे मिटून मारलेला दगड आंब्याला लागला म्हणून मारणारा माळी होत नाही.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते मागच्या ओट्यावर आईनं भाजलेलं वांगं सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मला पहिल्या दिवशीच कळलं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"कुणाला बोलू? आणि कशासाठी? परचुरे साहेबांनी शब्द दिलाय मला. तू नीट बोललीस तर तुझं नाव जाणार." त्यांनी वांग्याचं काळं साल काढून बाजूला ठेवलं. "एकदा एवढं बोल, पोरी. मग जन्मभर खरं बोल. कोण अडवतंय?"

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तुना बाप शहाणा आहे. शहाणपणानंच इथे येऊन पाणी शिंपडत बसलाय." बाबांनी दुसरं वांगं सोलायला घेतलं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि आईचाही आला, आणि मुख्य म्हणजे हा सगळा निर्णय मी घ्यायचा आहे याचा आला. मला पुण्याला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मी ती ओळ पुन्हा पाठ करायला बसले.

पाचव्या दिवशी दोन्ही शेठ आरतीला आले, अर्थातच दोन गाड्यांतून. मांडवात पुढे ऑफिसरांच्या खुर्च्या, मागे स्टाफ, त्यामागे ताडपत्रीच्या कडेला कामगार. मी नवीन परकर-पोलक्यात पेटीशेजारी उभी. मोटर सुरू झाली, दिवे फिरायला लागले, पुंजके बनायला लागले. मी बोलायला सुरुवात केली. आवाज छान लागला होता हे मला आठवतं, आणि ते आठवून अजून अंगावर शहारा येतो. दोन सूर्य मिळून एका पृथ्वीला जन्म देतात इथपर्यंत मी पोचले आणि धाकट्या शेठनी हात वर केला.

"एक मिनिट. ये दो बत्ती अलग क्यों है?"

खरंच दिवे वेगळे होते. परचुरे साहेबांनी थोरल्या शेठसाठी जास्त वॅटचा लावला होता. मान राखायला. दोन भावांचं भांडण मिटवायला मांडलेल्या देखाव्यात हे करायला पुण्याचीच बुद्धी लागते.

"बडा भाई है तो बडा बल्ब होगा ने," थोरले शेठ म्हणाले. ते थट्टेत म्हणाले असतील, पण त्यांच्या घरात थट्टा संपून बरेच दिवस झाले होते.

"अच्छा. तो ये गोला किसका हुआ? बडे बल्ब का?" धाकट्या शेठनी माझ्याकडे बघितलं. "तू बोल, बेटा. तू पढ़ी-लिखी है. ये पृथ्वी किसकी?"

परचुरे साहेब माझ्यामागून कुजबुजले, "दोघांची म्हण, दोघांची. समान." मी समोर, खुर्च्यांच्या मागे पाहिलं. स्टाफच्या रांगेत बाबा उभे होते, त्यांनी हळूच मान हलवली, हो, म्हण. एक शब्द होता. "दोनों की." मला तो येत होता. आणि मला त्या सगळ्या रांगेची शिसारी आली. बल्ब मोजणारे मालक, त्यांच्या बल्बांचे वॅट ठरवणारे साहेब, हातात फुलं धरून वाट बघणारे ते सगळे शिकलेले लोक, ज्यांतल्या एकेकाला तो गोळा कशानं बनलाय ते ठाऊक होतं. सत्याचं प्रेम वगैरे काही नव्हतं. मला त्यांच्यात मोजलं जायचं नव्हतं.

"किसी की नहीं," मी म्हटलं. "दो सूरज इतने पास हों तो उनके नजदीक कुछ बनता ही नहीं. सब टकराके चूरा हो जाता है. जो दूर है, उसी का कुछ बन सकता है. और ये पृथ्वी भी नहीं है. ये स्टॅटिक है." मग मी पेटीचं झाकण उघडलं, आरतीच्या ताटाखालचं ओलं फडकं घेतलं आणि फिरत्या चकतीवरून पुसून काढलं. पुंजके सुटले. थर्मोकोलच्या गोळ्या सैरावैरा पसरल्या, काही फडक्याला लागल्या, काही परचुरे साहेबांच्या सिल्कच्या झब्ब्यावर जाऊन बसल्या.

ताडपत्रीच्या कडेला कुणीतरी फिस्सकन हसलं, बहुधा ते स्टॅटिक काय असतं ते रोज हातानं सोडवणाऱ्यांपैकी. थोरले शेठ उभे राहिले. "आ शुं नाटक छे, परचुरे?" एवढंच म्हणाले आणि आरती न घेता निघून गेले. परचुरे साहेबांनी माझ्याकडे बघितलं त्यात माझं पुणं संपलेलं मला दिसलं. मला रडू आलं. धाडस केलेल्या माणसांना नंतर हलकं वाटतं असं लिहितात, त्यांना काही गमवायचं नसावं.

धाकटे शेठ मात्र खूश होते. मोठ्या भावाच्या मॅनेजरची फजिती झाली यापलीकडे त्यांना काही कळलं नव्हतं. चपला घालता घालता त्यांनी बाबांना जवळ बोलावलं. मी बाबांच्या शेजारी येऊन उभी राहिले.

"लड़की तेरी है? क्या बोलती है! मोटाभाई का मुँह देखा?" ते खदखदून हसले. "उसको पूना भेजेंगे. मेरी तरफ से. ट्रस्ट में मेरा भी नाम है. होली तक मैं अलग हो रहा हूँ, किलवणी रोड पे मेरी नयी कंपनी. तू मेरे साथ आ. और अगले गणपति में मेरे वहाँ यही मशीन लगेगी, एक ही सूरज. एक सूरज, उसकी पृथ्वी, सब बराबर. और यही लड़की बोलेगी. हर साल बोलेगी. समझा?"

मी तोंड उघडलं. सांगणार होते, की एका सूर्याभोवती ग्रह बनतो हे खरं आहे, पण तुमच्या पेटीत तो बनणार नाही, तुमच्या पेटीत पुन्हा स्टॅटिकच असेल. बाबांनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की नंतर वळ उठला.

"बोलेगी, शेठ," ते म्हणाले. "जरूर बोलेगी."

आणि मी पुण्याला गेले. खरं बोलल्याचं फळ म्हणून नाही, तसं काही नसतं. एका श्रीमंत माणसाला आपल्या भावाला खिजवायचं होतं, त्यात माझी सोय झाली. परचुरे साहेब आधी थोरल्या शेठांकडे राहिले आणि वर्षभरात धाकट्यांकडे आले, तेही पहिल्यापासून एकाच सूर्याच्या बाजूचे होते असं सांगत. वसतिगृहाची जागा दरवर्षी शेठनी मान हलवली की पुढे चालू व्हायची. जाताना एस.टी.च्या खिडकीशी उभं राहून बाबांनी पाण्याची बाटली आत दिली आणि म्हणाले, "गणपतीला येऊ नकोस. परीक्षा आहे तुझी."

"गणपतीत कसली परीक्षा?"

"ते मी बघतो," ते म्हणाले.

मला बरंच वाटलं. त्या मांडवाचं तोंड मला बघायचं नव्हतं आणि बाबा शेठना काय थाप मारणार हे विचारायचीही मला गरज वाटली नाही. दिवाळीला घरी आले तेव्हा आई शेव पाडत होती. नवीन क्वार्टर किलवणी रोडला होतं, पण मागचा ओटा होता, विटाही होत्या. मी सहज विचारलं, "शेठच्या गणपतीत काय झालं मग? माझ्या जागी कुणाला उभं केलं?"

आईनं सोऱ्या फिरवायचा थांबवला. "तुना बाप उभा राह्यला," ती म्हणाली. "कुणाला करतील? शेठ म्हटले, पोरगी कुठंय. हे म्हटले परीक्षा. शेठ म्हटले, जबान तूने दी थी, तो तू बोल. मग बोलले."

"काय बोलले?"

"तुला पाठ करायला दिलं होतं तेच. एक सूर्य काढून टाकला." तिनं कढईतला शेवेचा चवंगा उलटला. "कसं बोलले ते विचारू नको. शेठ हसले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्षभर हवा ओली करायची आणि त्या दिवशी स्वतःच्या हातानं सिलिकाच्या पिशव्या ठेवून कोरडी करायची. त्यांच्या हाताखालची पोरं बघत होती."

मी बाहेर आले. बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी वर बघितलं आणि शेव झाली का विचारलं. मी म्हटलं, "बाबा, हे किती वर्षं करणार तुम्ही?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "तुझं शिक्षण होईपर्यंत," ते म्हणाले.

माझं शिक्षण फार लांबलं.